तू पंजा दाखवलास तो फोटो

आय, आज कंपनीत एका बाईने मला तुझाच प्रश्न विचारला. मी बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगची सुपरवायझर आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझा शेवटच्या वर्षाचा निकालही लागला नव्हता. सकाळी साहेबांनी एक मोबाईल स्टँडवर लावून बायकांच्या टेबलासमोर ठेवायला सांगितला. "बटण माझ्याकडे केबिनमध्ये आहे, मी तिथूनच फोटो काढीन. त्यांना सांगू नका, नाहीतर सावरून बसतात." कशासाठी, ते बोलले नाहीत. मी विचारलंही नाही, पण ठेवताना काचेत माझंच तोंड दिसलं आणि ते मला आवडलं नाही. टेबलावरच्या सगळ्यांत मोठ्या बाईने हातातला खोका तसाच धरून विचारलं, "मॅडम, ये किसका फोन है? इसके पीछे तो कोई नहीं."

सातपाटीला तूही आधी मोबाईलच्या मागेच पाहिलं होतंस. कॉलेजचा माझा प्रकल्प मासे सुकवणाऱ्या बायकांवर होता. तुमच्या कामाची कुणी दखल घेत नाही, ती मी घेणार, असं मला अगदी मनापासून वाटायचं. फोटोत आपण दोघी हव्या होत्या, म्हणून मैत्रिणीचा मोबाईल आणला. त्याला हाताचा पंजा दाखवला की दिवा तीनदा लुकलुकायचा आणि फोटो आपोआप निघायचा. बोंबील सुकत घालायच्या वलांडीच्या बांबूला तो मी सुतळीने बांधला. तू बोंबलांच्या जोड्या जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकते आहेस. मी शेजारी येऊन उभी राहते. तू मोबाईलकडे बघतेस, मग माझ्या रिकाम्या हातांकडे. "तू हितं, मी हितं. मंग तिकडं कोन हाय?" "कुणी नाय. तो आपला आपण काढतो." "आपला आपण? उद्या आपला आपण घरात शिरंल!" पलीकडच्या वलांडीवरून मावशी खिदळते, "अगो, काडू दे की, लेक शिकलेली हाय तुजी!" "शिकलेली हाय म्हनून तं भ्या वाटतं," तू म्हणतेस. "ओल्या म्हावऱ्याला नजर नको नि मला बी. नको म्हंजे नको."

बाजारात गिऱ्हाईक भाव पाडायला लागलं की तू तोंड न उघडता उजवा पंजा पुढे करायचीस. त्यानंतर कुणी घासाघीस करत नसे. तो पंजा सगळ्या सातपाटीला कळायचा. तोच ओला पंजा तू त्या मोबाईलसमोर धरलास. दिवा लुकलुकला. "काडला काय गो?" तू विचारलंस. मी नाय म्हटलं, आणि तू माझं खरं मानून पुन्हा बोंबलांकडे वळलीस.

आज त्या बाईला मात्र मी सांगितलं, "साहेबांचा आहे. बटण केबिनमध्ये आहे." ती उठली, स्टँडसकट मोबाईल भिंतीकडे फिरवला आणि खोके भरायला बसली. दहा मिनिटांत साहेबांचा फोन आला. "काहीच दिसत नाही, स्टँड पडला का?" "नाही साहेब. फिरवलाय." "कुणी?" मी नाव सांगितलं नाही. उद्या दहाला केबिनमध्ये बोलावलंय. नोकरी राहील की नाही, माहीत नाही.

घरी आल्यापासून भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बघते आहे. तू गेलीस तेव्हा घरात तुझा दुसरा फोटोच नव्हता. पालघरच्या स्टुडिओत मी हा मोठा करून घेतला. येणारे जाणारे म्हणतात, किती रोखून बघते आहे तुझी आई. कुणाला ठाऊक नाही की खाली तुझा पंजा होता आणि तो मी कापायला लावला. स्टुडिओवाल्याने विचारलं होतं, "ताई, शेजारी तुम्ही छान आलाय, तुम्हाला ठेवू?" मी म्हटलं, मलाही काढून टाका.

हा कागद मी तुझ्या फोटोमागेच खोचून ठेवणार आहे. मला का काढायला लावलं, ते त्याला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा दिवा लुकलुकला तेव्हाच मला कळलं होतं, आय. मोबाईलवर हात ठेवायला वेळ होता. त्या फोटोत मी हसते आहे.