दीड मार्काचं अंतर

प्रिय दुसरी,

रागावू नकोस, पण आमच्या घरात तुझं नाव हेच. पाचवीपासून माझी लेक शाळेतून आली की बूट काढायच्या आधी सांगायची, "आज दुसरीने मला गणितात गाठलं होतं, थोडक्यात वाचले." ज्या दिवशी तू पहिली यायचीस त्या दिवशी बाईसाहेब गप्प. मग आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघायचो आणि काय ते समजायचो. तुझा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला तो माझ्या स्टुडिओत, कॅमेऱ्यातून. शहरातल्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला फोटो हवा होता. तू हनुवटी वर करून शहाण्यासारखी बसलीस, आणि माझ्या पाठीमागे उभी राहून ही बया तुला वेडावत होती. तुला हसू फुटलं. एकीचा फोटो काढायला मला पाऊण तास लागला, आणि वर तुम्ही दोघी मलाच हसलात.

मुलाखतीच्या दिवशीचं मला फार आठवतं. त्या लांबलचक व्हरांड्यात सगळ्या मुली आपापल्या आईला चिकटून बसलेल्या, आणि तुम्ही दोघी मात्र एकमेकींना प्रश्न विचारत होतात. जागा एकच आहे हे दोघींनाही माहीत होतं. तिला त्या दिवशी कणकण होती. मी म्हटलं, जागरणाने असेल. तू अंगातला स्वेटर काढून तिच्या खांद्यावर टाकलास आणि पुढचा प्रश्न विचारलास. तो स्वेटर आमच्याकडेच राहिला. धुऊन ठेवलाय.

निकाल कळला तो हॉस्पिटलात. तोवर डॉक्टर आम्हाला खोलीबाहेर बोलावून हळू आवाजात बोलायला लागले होते. हेडबाईंचा फोन आला, तो मी तिच्या कानाशी धरला. ऐकून झाल्यावर तिने पहिलं काय विचारलं असेल? "दुसरीला किती?" दीड मार्क कमी, असं हेडबाई म्हणाल्या. "दीडच?" ती म्हणाली, "आई, कॉलेजात ही मला खाणार." तुला तिथलं कॉलेज मिळणारच नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. तिच्या डोक्यात तू सोबत होतीसच.

त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही. भेटायला येणारे मला विचारतात, जाताना काही बोलली का? त्यांना वाटतं, पोर हुशार होती, काहीतरी मोठ्या मनाचं बोलून गेली असेल. तुला खोटं कशाला सांगू? "माझी जागा तिला द्या" असं काही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "मला जायचंय." कॉलेजला. होस्टेलवर खिडकीजवळची खाट मिळेल का, हे बाबांना विचारायला लावलं तिने. त्यांनी विचारलंसुद्धा.

मग तुझं नाव पुढे आलं. नियमच तसा, पहिली नसेल तर दुसरी. तुझ्यावर राग नव्हता. पण तिच्या खाटेवर कोणीतरी झोपणार, हे मला सोसवेना. तू स्टुडिओत आलीस, बाकावर बसलीस, नखं खात राहिलीस आणि तशीच निघून गेलीस. मीही तुला थांबवलं नाही.

परवा हेडबाई घरी आल्या. तू शिष्यवृत्ती नाकारतेयस म्हणाल्या. मामाच्या दुकानात बसेन, पण तिचं घेणार नाही, असं सांगितलंस म्हणे त्यांना. खरं सांगते, ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. हे तेव्हा नुकतेच कामावरून आले होते. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरून ग्रीसने माखलेले हात धूत उभे होते. आमच्यात बोलायचं काम माझं, ह्यांचं ऐकायचं. पण नळ बंद करून हे म्हणाले, "म्हणजे आता दोघीही गेल्या नाहीत." आणि टॉवेल तोंडाला लावून तसेच उभे राहिले. हेडबाई गेल्या तरी मी तिथेच बसून होते.

म्हणून हे लिहायला बसले. समोर आले तर रडेन, आणि मग तू भलतंच समजशील. तुझा नकार पुढे पाठवू नका, असं मी आज हेडबाईंना सांगून आलेय. शुक्रवारपर्यंत वेळ आहे. तू जा, बाळा. माझ्याकडे बघून थांबू नकोस. उलटं झालं असतं तर माझी लेक दोन दिवस रडली असती आणि तिसऱ्या दिवशी बॅग भरून निघाली असती. मी ओळखते तिला. फक्त सुट्टीत आलीस की आमच्याकडे ये. वर्ग केवढे मोठे आहेत, मास्तर कसे शिकवतात, जेवण कसं असतं, सगळं सांग. ती रोज फोन करून सांगणार होती. मला ते कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय.

तुझीच,
फोटोवाली काकू