साडेपाच तासांची चूक

५ फेब्रु., गुरुवार
डायलिसिस सेंटरची वेबसाइट पळायला लागली एकदाची. पाळी नोंदवली की पेशंटला मेसेज जाईपर्यंत पान अडकून बसायचं. आज वेबसाइट ज्यावर चालते त्या जँगोला तयार कोडची एक लायब्ररी जोडली, मेसेज आता मागच्या मागं जातात. काउंटरवरच्या सुनीता सिस्टरचा फोन : "वैशाली, लई भारी झालं बघ." ऑफिसात सर खूश. कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या राहिल्यात. उद्या.

७ फेब्रु., शनि.
टेस्ट नाहीच झाल्या. दुपारी परत सिस्टरचा फोन. फुलंब्रीचे रंगनाथकाका सकाळी सातच्या पाळीला आलेच नाहीत, दीड वाजता आले. तोवर मशीन दुसऱ्याला लागलेलं. सोमवारची पाळी दिली. काकू मोबाइल दाखवत होत्या म्हणे, "दीडच लिवलंय की ह्याच्यात." सिस्टरच्या स्क्रीनवर सात. "म्हातारी चुकली असंल," सिस्टर म्हणाल्या. मी "असंल" म्हणाले. का म्हणाले?
सात आणि दीड. दीड रात्रीचा धरला तर साडेपाच तास. कोड उघडला.

संध्या. — तेच निघालं. डेटाबेसात ग्रिनिचची वेळ, आपल्या साडेपाच तास मागं. पानावर जँगो आपोआप भारतीय वेळ करतं. मागून जाणाऱ्या मेसेजात ते मला करायचं होतं. कोडची एक ओळ, तीच राहिली. म्हणजे तो रात्रीचा दीड होता. मी सकाळ-रात्र काहीच लिहिलं नव्हतं, त्यांनी दुपार धरली. ओळ घातली. चुकीचे मेसेज गेलेल्या सगळ्यांना फोन केले. बाकीच्यांच्या पाळ्या अजून व्हायच्या होत्या. काकांची तेवढी...

९ फेब्रु., सोम.
काका आज आलेच नाहीत. काल दम लागला, आयसीयूत आहेत.
सरांना सगळं सांगितलं. "दुरुस्त झालं ना? मग नेटवर्कचा प्रॉब्लेम होता म्हणायचं. बिडकीनच्या नव्या सेंटरचं कामही ह्या डायलिसिसवाल्यांकडूनच यायचंय." मी म्हटलं, सर, पण काकूंना... ते उठून गेले.
टेस्ट लिहिली. टेस्टपुरतं घड्याळ एका वेळेला गोठवायची लायब्ररी आहे. पाळी सातची ठेवायची, मेसेजात सातच येतात का बघायचं. जुन्या कोडवर लाल, म्हणजे नापास. नव्यावर हिरवी, पास. वीस मिनिटं लागली. फक्त वीस मिनिटं.

१० फेब्रु., मंगळ.
ऑफिसला न जाता दवाखान्यात गेले. काकू आयसीयूबाहेर बाकड्यावर. "काकू, तो मेसेज माझ्या हातनं चुकला. तुम्ही बरोबर वाचलं होतं."
"म्हंजी मी चुकले नाय?"
"नाय."
परत विचारलं. परत सांगितलं. मला वाटलं आता रागावतील. तर डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पोरगं तीन दिस झालं माझ्याशी बोलंना. म्हनतंय, वाचता येत नाय तर मला इचारायचं व्हतं. तू सांगशील का त्याला? फुलंब्रीहून यायलाच लागलाय."
पळून जावंसं वाटलं. बसले.
तो आला. ऐकून घेतलं, ओरडला नाही. ते जास्तच... एवढंच म्हणाला, "लिहून द्या." दिलं. खाली सही, पूर्ण नाव. त्यानं कागद घडी करून खिशात घातला. कुणाला दाखवणार, विचारायचा धीर झाला नाही. मग आईजवळ जाऊन बसला.

११ फेब्रु., बुध.
सरांचे तीन फोन येऊन गेले. उचलले नाहीत.
सिस्टरला विचारलं, काका कसे? "आज परत डायलिसिसच्या मशीनवर घेतलंय. डॉक्टर म्हणतात, उद्या सांगू."