तिचं नाव विचारू नका

छावणी, छत्रपती संभाजीनगर
१२ जुलै २०२५

ती. मालनवन्सं यांना
विशाखाचा सा. न. वि. वि.

पैठणच्या एसटी स्टँडवर आपण दोघींनी एका सीताफळावर तासभर काढला होता, आठवतं का? माझ्या लग्नाला वर्षसुद्धा झालं नव्हतं. गाडी येईना, हात चिकट झालेले, आणि पुसायला दोघींत माझा एकच रुमाल. तेवढ्यात एक म्हैस आडवी आली. मी शाळेच्या सवयीनं तिला सॉरी म्हणाले आणि तुम्ही इतक्या हसलात की सीताफळाची बी गिळलीत. पुढे कितीतरी दिवस पैठणात मी म्हशीला सॉरी म्हणणारी वहिनी होते. आज लिहायला बसले आणि आधी तेच आठवलं. पुढचं लिहायचा धीर होत नाही, म्हणून असेल.

फोन केला नाही, कारण तुमचा फोन मोठ्यानं बोलतो आणि पैठणीच्या मागावर बसलेल्या सगळ्या बायका ऐकतात. शेजारचे कडूबा आज पैठणला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. एकट्या असताना वाचा.

माझा रविवारचा वर्ग तुम्हाला ठाऊकच आहे. गाणी, थोडं इंग्रजी, लेझीम. गेल्या रविवारी तिथे मोनिका नावाची तरुण वकील आली होती. मुलांना लैंगिक त्रासापासून वाचवणारा पोक्सो कायदा ती आम्हा शिकवणाऱ्यांना समजावून सांगत होती. एखाद्या मुलानं आपल्याला असं काही सांगितलं, तर पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारक आहे. संस्था चालवणाऱ्यानं दडवलं तर त्यालाच तुरुंग. इथवर मी मान डोलावत होते. पण पुढचं ऐकून थक्क झाले. मुलाला चौकीत बोलवायचं नाही. पोलिसांनी मुलाकडे जायचं, ते म्हणेल तिथे, गणवेश न घालता, आणि होईल तितकं बाईनंच. वन्सं, कॉन्व्हेंट शाळेत आम्ही सिस्टरच्या खोलीबाहेर भिंतीला पाठ लावून उभ्या असायचो, आत बोलावेपर्यंत. आणि इथे एवढं मोठं सरकार अंगावरची वर्दी उतरवून लहान मुलाच्या दारात जाणार!

मोनिका नंतर मुलांशीही बोलली. आणि काल वर्गातली एक मुलगी माझ्या घरी आली. आधी तिनं मला शपथ घ्यायला लावली, की मी कुणाला सांगणार नाही. मी विचार न करता घेतली. मग ती बोलली.

वन्सं, तिनं आपल्या राजेंद्रचं नाव घेतलं. आई गेल्यावर तुम्ही वाढवलेला तुमच्या दिराचा मुलगा. तुमच्या शब्दावर मी त्याला लेझीम शिकवायला ठेवला होता. लेझमी ठेवायच्या खोलीत तो तिला एकटीला बोलवायचा. पुढचं कागदावर लिहीत नाही. तिचं मला खरं वाटतं.

एकीकडे कायदा, दुसरीकडे माझी शपथ. दिलेला शब्द मोडू नये, हे मला इतक्या लहानपणी शिकवलंय, की त्यापुढे विचारच चालत नाही. तरी आज तिच्या घरी जाणार आहे. तुम्हाला हे परक्याच्या तोंडून कळू नये, एवढ्यासाठी आधी तुम्हाला लिहिलं.

माझ्यावर रागवा, पण मला तोडू नका.
तुमची
विशाखा

*

पैठण
१२ जुलै, दिवेलागणी

चि. विशाखास मालनचे आशीर्वाद.

कडूबा परत निघालाय, त्याला चहावर बसवून लिहिते. तुझं पत्र दोनदा वाचलं. राजूला मी या हातानं घास भरवलेत. बारक्या पोरी काय बी बोलतात. कुणी रागं भरलं की मनात धरतात. त्या वकीलबाईनं त्यांच्या डोक्यात भरवलं असंल.

समज झालं बी असंल. समज म्हणते मी. मग घरातलं घरात मिटवू. त्याला मी फोन करून इकडं बोलावलंय, कशाला ते सांगितलं नाय. उद्या चार वडीलधारी बसवते. पोरीच्या पाया पडंल, पुन्हा तुमच्या शहरात पाऊल टाकणार नाय. तेवढं बास नाय का? पोलिसात गेलीस तर त्याच्या बायकोनं तोंड कुठं लपवायचं? त्याचा शिवम दहावीला हाय. आन त्या पोरीचं तरी पुढं लगीन व्हईल का?

कुणाची हाय ती? कोणत्या गल्लीतली? नाव कळव, मी सोता येऊन तिच्या आईशी बोलते. म्हशीला सॉरी म्हणणारी तू, आन सासरच्या माणसाला बेड्या घालायला निघालीस व्हय! शब्द दिलास ना पोरीला? मग पाळ की. तुमच्या कॉन्व्हेंटात तेच शिकवलं ना लई कौतुकानं?

रागात लिहिलं, पण जेवून घे. उपाशी राहून डोकं चालत नाय तुझं.
मालन

*

छावणी
१६ जुलै २०२५

ती. मालनवन्सं यांना
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र माझ्या हाती आलं, तोवर मी पोलीस ठाण्यात जाऊन आले होते. राजेंद्रला तुमच्या अंगणातून नेलं, हे मला कळलंय. त्या वेळी तुम्ही दारात उभ्या होतात, हेही. 

पण १२ तारखेच्या दुपारचं तुम्हाला सांगायलाच हवं. मी त्या मुलीच्या घरी गेले तेव्हा ती पेरू खात बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, की काल तुझ्यापुढे घेतलेली शपथ मला पाळता येणार नाही, ती घेण्यातच माझी चूक झाली. आता ती रडेल, मला खोटारडी म्हणेल, असं धरून बसले होते. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी मी वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे पाहते. म्हणाली, की वकीलताईंनी सांगितलं होतं ना, बाईंना कळलं की बाईंनी पोलिसांना सांगायचंच असतं. म्हणून तर मी तुम्हाला सांगितलं. मग शपथ कशाला, असं मी विचारलं. तर म्हणाली, की ती वर्गातल्या मुलांसाठी होती. त्यांना माझं नाव कळायला नको.

वन्सं, मी शपथ घेऊन रात्रभर कुढत होते आणि ती मी सांगण्याची वाट पाहत होती.

तिच्या आईनं ऐकलं, भिंतीला डोकं टेकलं, मग तोंड धुऊन माझ्याबरोबर ठाण्यात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सायली नावाची पोलीस अधिकारी घरी आली. साधा पंजाबी ड्रेस, खांद्याला झोळी. पाहुणी कुणी असेल असंच शेजाऱ्यांना वाटलं. तिनं मुलीला विचारलं, की तुला कुठे बसून बोलायला आवडेल. मुलगी गाद्यांच्या चळतीवर चढून बसली. सायली खाली फरशीवर. आई जवळ होती, मी दाराबाहेर. मुलगी बोलली तसं, तिच्याच शब्दांत सायलीनं लिहिलं आणि वाचून दाखवलं. एका ठिकाणी मुलीनं तिला थांबवलं, की मी असं नाही म्हणाले. सायलीनं ते खोडलं आणि पुन्हा लिहिलं. एवढ्याशा मुलीनं पोलिसाची चूक काढली आणि पोलिसानं ती मान खाली घालून सुधारली! मी बाहेर उभी होते. माझ्या अंगावर काटा आला. देवळात कधी आला नव्हता.

मला मात्र सायली चांगलीच बोलली. ठाण्याच्या आधी नणंदेला कळवलं, तो माणूस पळून गेला असता तर? खरं होतं. आपल्या घरची रीत, काही झालं की आधी घरच्यांना सांगायचं. ती रीत या बाबतीत चालत नाही, हे मला कळायला हवं होतं.

तुम्ही नाव विचारलंत. सांगणार नाही. कायद्यानं तिचं नाव, घर, शाळा काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, आणि तिनं तर ते कायद्याच्या आधीच मागितलं होतं. इतक्या वर्षांत तुमच्यापासून लपवलेली ही माझी पहिली गोष्ट. कोर्टात मी साक्ष देणार आहे.

आजवर लावलात तेवढा जीव पुढेही लावाल का, हे विचारायचा धीर नाही. माझा आहे तिथेच आहे.
विशाखा

*

पैठण
५ ऑक्टोबर २०२५

चि. विशाखास आशीर्वाद.

तुझं जुलैतलं पत्र आलं. उत्तर दिलं नाय, कारण तुला शिव्या घालत होते. शिव्या लिहून पाठवायच्या तर कागद किती लागला असता!

गेल्या महिन्यात राजूच्या सासुरवाडीची माणसं आली. म्हणाली, की मालनबाई, तुम्ही सांगितलं तर भावजय साक्ष फिरवंल. मी म्हटलं, इचार करून सांगते. ती माणसं जेवायला बसली आन मी मागाकडं गेले. बाया होत्या, सुट्टी म्हणून आईसंगं आलेल्या दोन-तीन पोरी रेशीम उकलत होत्या. मी कुणाकडं न बघता, असंच रेशमाकडं बघून इचारलं, की आपल्या राजूचा कधी कुणाला तरास झाला का गं. सगळ्या हसतील असं वाटलं. कुणी हसलं नाय. एका पोरीचे हात थांबले. बाकीच्यांनी तिच्याकडं बघितलं आन झटकन माना खाली घातल्या.

इशाखा, माझी हाडं गार पडली गं. माझ्या छपराखाली. मी घास भरवलेला.

मी बाहेर जाऊन त्या माणसांना सांगितलं, की जेवण झालं असंल तर उठा. मग पोरीच्या आईला घेऊन बसले. तू लिहिलं होतंस तसंच सांगितलं, की पोरीला कुठं जावं लागत नाय, पोलीसच येतात. मलाच भरवसा नव्हता, तरी ठाण्यात कळवलं. पण आली पोलीसबाई. साध्या लुगड्यात. पोर पहिल्यांदा गप्पच. ती बाई बी गप्पच बसली, अजिबात घाई नाय केली. मोठ्यांना पण एवढा येळ कुणी देत नाय गं. आपल्याला कुणी दिला होता का? मी खांबाला धरून उभी होते, चहा इचारायचं बी सुचलं नाय.

नाव इचारू नको. आता मला बी सांगता येत नाय.

राजूची बायको आन शिवम माझ्याकडंच हायेत. पोरगं बोलत नाय, ताटाकडं बघून जेवतं. त्याला कोण काय बोललं तर त्याची मी गाठ घेईन.

तुझ्या त्या पोरीला माझ्या मागावरचं एक परकर-पोलकं धाडायचंय. मोराच्या काठाचं. तिच्या मापाचं कळव, आन कुणाच्या हाती देऊ ते.
शिव्या संपल्या. आता जीवच लावते, दुसरं काय करू.
मालन

*

छावणी
२५ जानेवारी २०२६

ती. मालनवन्सं यांना
सा. न. वि. वि.

परकराचं उत्तर देते देते म्हणता महिने गेले, रागावू नका. आधी कोर्ट होऊ द्यायचं होतं. ते या आठवड्यात झालं. निकाल यायचाय, पण माझी आणि त्या मुलीची, दोघींच्या साक्षी संपल्या.

माझी साधीच, लाकडी कठड्यात उभं राहून. राजेंद्रच्या वकिलानं मला विचारलं, की सासरच्यांशी तुमचं जुनं वैर आहे का. मी म्हणाले, नणंद मला म्हशीवरून चिडवते, एवढंच. न्यायाधीशबाईंनी चष्मा सारखा केला. हसू लपवत होत्या असं मला वाटलं.

तिची साक्ष चालू असताना मला आत जाता येत नव्हतं. तिच्या आईनं आणि मोनिकानं नंतर सांगितलं, ते लिहिते. तिला आत न्यायला वेगळं दार होतं. राजेंद्र पडद्याच्या पलीकडे. तो ऐकू शकत होता, पण ती त्याला दिसत नव्हती आणि तो तिला. त्याच्या वकिलाला तिच्याशी थेट बोलायची परवानगी नाही. त्यानं प्रश्न न्यायाधीशांना सांगायचा आणि त्यांनी तो तिला समजेल असा विचारायचा. एक प्रश्न त्यांनी विचारलाच नाही, म्हणाल्या, की हे या मुलीला विचारायचं नाही. मध्येच तिला तहान लागली. ती तसं म्हणाली आणि सगळे थांबले. न्यायाधीश, वकील, लिहिणारी बाई, पोलीस. तिनं सावकाश पाणी पिऊन पेला खाली ठेवेपर्यंत कुणी बोललं नाही.

वन्सं, तेव्हापासून मी तो पेला डोळ्यांपुढून काढू शकत नाही. एवढी सगळी मोठी माणसं, एवढी जाड पुस्तकं, आणि हे सगळं कुणीतरी कधीतरी बसून ठरवलंय, की मूल पाणी पिईल तोवर थांबायचं. आपल्या लहानपणी असं कुणी ठरवलं असतं तर किती जणी बोलल्या असत्या!

बाहेर आल्यावर तिनं मला एवढंच विचारलं, की लेझीम कधी सुरू. पुढच्या रविवारी, असं मी सांगून टाकलं. शिकवायला आता दोन बायका आहेत, आणि कुठल्याही मोठ्यानं मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलंय.

निकाल काहीही लागो, तुम्ही माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिलात, तशाच राहा.
तुमची
विशाखा

ता. क. परकर-पोलकं शिवू नका. एकटीला मोराच्या काठाचं आलं, तर गल्लीला लगेच कळेल की ती कोण. त्याऐवजी मागावरच्या उरलेल्या तुकड्यांचे बटवे करा. वर्गातल्या प्रत्येक मुलीला एक, प्रत्येक मुलाला एक. तुमच्याकडे रेशीम उकलायला येणाऱ्या सगळ्या पोरींनाही तसाच, कुणाला मोठा नको, कुणाला लहान नको. सायलीला आणि तुमच्याकडच्या पोलीसबाईंना नोकरीमुळे भेट घेता येत नाही, त्यांना नुसता नमस्कार कळवू. शिवमला बटवा नको, त्याला माझा इंग्रजीचा शब्दकोश कडूबांच्या हाती पाठवते. त्याला सांगा, अडलं तर मला फोन कर, परीक्षेचंच बोलू. त्याच्या आईला सोबत पाठवलेली माझी निळी शाल द्या. बटवे सगळे एकाच रंगाचे असू द्या. वाटताना मुलं रांगेत येतील. तिची पाळी आली, की इतरांच्या हातावर ठेवला तसाच तिच्याही हातावर ठेवीन आणि लगेच पुढच्या मुलाकडे बघेन.