गुड्डूची फुल पँट

सेक्टर ६, भिलाई
शनिवार, १७ जानेवारी २०२६

प्रेरणा बेटा,

जय भीम.

आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुर करतो, पण बाजारात जायचं ती काही सोडत नाही. आज हिरवे वाटाणे आणले आहेत पोतंभर, आता सोलून राहिली. मीही सोलू लागलो होतो, पण म्हणाली, "तुमचं लक्ष नाही, सालं वाटाण्यात टाकून राहिले तुमी. जा, तुमचं काम करा." म्हणून हे काम घेऊन बसलो.

पत्र कशाला, फोन होता की, असं तुला वाटेल. फोनवर माझं काय होतं तुला माहीत आहे. मुद्द्याजवळ आलो की मी पाणी किती वाजता येतं ते सांगायला लागतो. कागदावर तसं पळता येत नाही. टपालाला इंग्लंडात पोचायला पंधरा दिवस लागतील, म्हणून आई आज याचे फोटो काढून तुला पाठवेल. मूळ पत्र मागून येईल.

मागच्या रविवारी तू फोनवर मला विचारलंस, "बाबा, गोळ्या वेळेवर घेता ना?" मी "घेतो" एवढंच म्हणालो आणि फोन आईच्या हातात दिला. तुला वाटलं असेल, बाबा अजून तसेच अकडून आहेत. तसं नव्हतं बेटा. दोन वर्षांनी तुझा आवाज माझ्यासाठी आला होता, आणि आणखी एक शब्द बोललो असतो तर पुन्हा पाण्याची वेळच सांगत बसलो असतो.

पण आधी गुड्डूच्या प्रोजेक्टचं सांगतो. चार तारखेला दुपारी आईनं फोन माझ्यापुढं धरला. "तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? कोण?"

"घ्या न आता!"

तिकडून गुड्डू. "आबा, मला हिस्ट्रीचा प्रोजेक्ट आहे. तू लहान होता तेव्हा तुझी पँट किती लांब होती?"

तो आठ वर्षांचा झाला आणि अजून मला अरे-तुरे करतो, ते फार गोड वाटलं. त्याच्या वर्गात प्रत्येकानं एक विषय घेतला आहे. यानं घेतला, निरनिराळ्या देशांत मुलांना फुल पँट कधी मिळायची. मी म्हटलं, मला आठ दिवस दे, मी चौकशी करून सांगतो. स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये इन्स्पेक्शनची तारीख लागली की मी जसा कामाला लागत असे, तसा लागलो.

कॅम्प-१ मधल्या धोंडबा टेलरकडं गेलो. आता चौऱ्याऐंशीचा आहे, मशीनवर मुलगा बसतो, हा शेजारी खुर्चीवर. प्लांट उभा होत होता तेव्हा रशियन इंजिनियर लोकांच्या मुलांचे कपडे त्यानं शिवले होते. म्हणाला, "देवीदास, मले तवा समजेच नाही. आपले पोट्टे फुल पँटसाठी रडत, अन् साहेबाचे पोट्टे डिसेंबरात आखूड पँट घालून, खाली मांडीपर्यंत लांब मोजे चढवून फिरत. एका मडमेले म्या म्हतलं, बाई, कापड हाय, लांब शिवून देतो. ते हसली. पोरगा लहान हाय, पळू दे, म्हने." हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं.

मग माझी स्वतःची गोष्ट. ती मी तुलाही कधी नीट सांगितली नाही.

तुझे आजोबा भंडाऱ्याकडच्या ज्या गावातून इथं आले, तिथं आपल्या माणसानं धोतर गुडघ्याखाली सोडलं तर पाटलाच्या वाड्यासमोर ते वर खोचावं लागे. भिलाईत नोकरी लागल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती फुल पँट शिवली. आणि मी दहा वर्षांचा झालो तशी माझ्यासाठीही. शाळेत मात्र आठवीपर्यंत हाफ पँटचाच नियम. हेडमास्तरांनी मला परत पाठवलं. बाबा दुसऱ्या दिवशी काही भांडले नाहीत. मला खाली हाफ पँट आणि तिच्यावर फुल पँट घालून त्यांनी स्वतः शाळेत नेलं. गेटपर्यंत मी फुल पँटमध्ये. गेटवर ती काढायची, बाबा तिची नीट घडी करून सायकलच्या कॅरियरला लावायचे आणि ड्युटीवर जायचे. पूर्ण तीन वर्षं. "रस्त्यानं तरी आपला पोरगा पाय झाकून चालला पायजे," म्हणायचे.

म्हणजे आमच्या घरात फुल पँट म्हणजे इज्जत. मी याचा आडोसा घेत नाही. पण दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावाच्या, अमरदीपच्या लग्नाच्या रिसेप्शनच्या दिवशी माझ्या डोक्यात काय होतं, ते याच्याशिवाय सांगता येत नाही.

तू गुड्डूला घेऊन रायपूरला उतरलीस तेव्हा तो हाफ पँटमध्ये होता. डावा पाय तो कृत्रिम, निळा, पिवळ्या ताऱ्यांचा. व्हिडिओवर मी तो पाहिला होता, पण तिथं विमानतळावर लोक वळून वळून पाहत होते आणि माझा सगळा जीव त्या नजरांत अडकला. त्याच संध्याकाळी मी धोंडबाकडं दोन फुल पँटी शिवायला टाकल्या. तुला विचारलं नाही. रिसेप्शनच्या दिवशी तू आईच्या साडीच्या पिना लावत होतीस, तेव्हा मी त्याला मागच्या खोलीत नेऊन ती पँट घातली. तो म्हणाला, "आबा, यात मला पळता येत नाही." मी म्हटलं, "आज पळायचं नाही. आणि पाय कोणाला दाखवायचा नाही."

"का? घाण आहे?"

मी त्याचा भांग पाडत राहिलो.

पुढचं तू पाहिलंस. स्टेजच्या पायऱ्यांवर पँटचं टोक त्या पायात अडकलं, तो तोंडावर पडला, ओठ फाटला, दोन दात गेले. तू पँट वर केलीस आणि तो रडत म्हणाला, "आबा म्हणाला, दाखवायचं नाही." मग तू मला म्हणालीस, "बाबा, त्या पायावरचं ताऱ्यांचं कापड त्यानं स्वतः निवडलं आहे. चार दिवस विचार करून." एवढंच. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. दोन वर्षं मी मनात तुझ्याशी भांडत राहिलो, की शिलाई चार बोटं लांब झाली एवढाच तर गुन्हा.

तेवढाच नव्हता. हे मी आईलाही काल सांगितलं.

तो पडायच्या आधी अर्ध्या तासाची गोष्ट. हॉलच्या दारात गुड्डू माझं बोट धरून उभा होता. रेल मिलमधला माझा जुना जोडीदार ओमप्रकाश आला. गुड्डू खुर्चीवर चढला तशी पँट वर सरकली आणि निळा पाय दिसला. ओमप्रकाशनं विचारलं, "देवीदास, ये बच्चा किसका है? पैर में क्या हुआ?"

मी म्हणालो, "मेहमान है."

बोट त्याच्या मुठीतच होतं.

मला वाटलं होतं, लहान आहे, हिंदी येत नाही, गेलं ते. मागच्या रविवारी त्यानं फोनवर मला त्याचा प्रोजेक्ट वाचून दाखवला. इंग्लंडात आधी मुलांना बर्फातही हाफ पँटच असे, मुलगा बारा वर्षांचा झाला की लांब पँट मिळायची. त्याच्याही आधी लहान मुलांना फ्रॉक घालत आणि पहिल्या पँटच्या दिवशी घरी पार्टी करत. जपानात शाळेतली लहान मुलं थंडीतही आखूड पँटी घालतात. मी वा वा करत होतो. मग तो माझ्या पानावर आला. "माझे आजोबा देवीदास भिलाईला राहतात. मी त्यांचा मेहमान आहे."

"काय म्हणालास?"

"मेहमान. म्हणजे ग्रँडसन. हिंदीत. तू त्या अंकलला सांगितलं ना."

प्रेरणा, तो दोन वर्षं हा शब्द जपून बसला होता. त्याला वाटत होतं, आबानं सगळ्यांसमोर सांगितलं की हा माझा नातू.

मला तसंच राहू देता आलं असतं. खरंच सांगतो, एक क्षण मनात आलं, इंग्लंडात कोणाला कळतंय. मग मी फोन घेऊन अंगणात गेलो.

म्हटलं, "गुड्डू, मेहमान म्हणजे पाहुणा. नातू नाही. मी त्या अंकलशी खोटं बोललो."

"का?"

"मला लाज वाटली."

"माझ्या पायाची?"

"हो बेटा. तुझा पाय छान आहे. चूक माझी होती."

  तो म्हणाला, "दॅट्स नॉट नाइस, आबा."

"नाही. अजिबात नाही."

"ग्रँडसनला काय म्हणतात मग?"

"नातू."

"मी पेननं लिहिलंय. आता काट मारावी लागेल." मग कागदाची खसखस, आणि मोठ्यानं एक एक अक्षर. आणि मग, "पुढचा प्रश्न घेऊ? गेटवर पँट काढताना तुला थंडी वाजायची का?"

बेटा, मी रेल मिलमध्ये तीस वर्षं काढली. डोक्यावरून तापून लाल झालेले रूळ गेले, तेव्हा इतकं भ्यालो नाही आणि ते सरल्यावर इतका सुटल्यासारखाही झालो नाही. म्हटलं, "हो रे, फार वाजायची." मग त्यानं आणखी सहा प्रश्न विचारले आणि त्यानंतर फोन तू घेतलास.

म्हणजे त्याच्या वहीत तुला एक काट मारलेला शब्द दिसेल. त्याला विचारू नको. तो माझा आहे.

गुरुवारी बसनं कुम्हारीला गेलो, ओमप्रकाशकडं. त्याला म्हटलं, उस दिन जो बच्चा था, मेरा नाती है, मेरी बेटी का बेटा, जन्म से एक पैर नहीं है. तो म्हणाला, "अरे यार, मुझे तो याद भी नहीं. तू इसके लिए बस में धक्के खाकर आया?" मग चहा करायला सांगितला आणि फोटो मागितला. आईच्या फोनमधला, गुड्डू शाळेच्या शर्यतीत धावतो तो दाखवला. ओमप्रकाशनं चष्मा लावून पाहिला. "कौन-सा नंबर आया?" मी म्हटलं, तिसरा. हे सांगताना माझी मान अशी ताठ झाली, की तुझी आई असती तर हसली असती. परत येताना बसमध्ये इतकी गाढ झोप लागली, की पॉवर हाउसच्या स्टॉपला उतरायचं ते पुढं सुपेलाला कंडक्टरनं उठवलं.

आईला सगळं सांगितलं, तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोराले खरं सांगतलं न? मंग पोरीलेही सांगा." म्हणून हे पत्र.

तुला नव्यानं राग येईल. येऊ दे. तो हक्काचा आहे, आणि आता निदान खऱ्या गोष्टीवर येईल. वाटलं तर आणखी काही दिवस आईशीच बोल. फक्त गुड्डूचा रविवारचा फोन राहू दे. उद्या तो मला सांगणार आहे, वर्गात कोणाला फ्रॉकची गोष्ट खरी वाटली आणि कोणाला नाही.

गोळ्या मी वेळेवर घेतो. सकाळची जेवणाआधी, रात्रीची जेवणानंतर. त्या दिवशी नीट सांगता आलं नाही.

तुझ्यापासून लपवलेलं ज्याच्याजवळ आता काही उरलं नाही, तो
तुझा बाबा