मानेचा फोटो

दि. ९ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

तुमचे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला हटला का? सूनबाईंच्या उलट्या थांबल्या का, आणि नातीचा पुढचा दात आला की नाही? इकडे तुमचे दादा खाऊनपिऊन ठणठणीत. माझीच मान तेवढी रुसली आहे.

परवा व्यायामवाल्या बाईंकडे जाऊन आले. लेकीच्या वयाची पोर, पण प्रश्नांची सरबत्ती! कधीपासून दुखतं, हाताला मुंग्या येतात का, मान वळवून दाखवा. म्हटलं, "बाई, जन्मभर होकारासाठी खालीवर हलवली, आडवी वळायची सवयच नाही तिला." हसली, पण डावीकडे मान अर्धीसुद्धा वळेना, तशी गंभीर झाली.

"मावशी, पडलात का? कुणाचा धक्का, हिसका?"

"छे! उशी वाईट."

"नुसती आखडली असेल तर हाताने मोकळी करता येईल. पण मार लागला असेल, तर पासष्टीपुढच्या माणसाला आधी एक्स-रेचा फोटो, मगच हात. नियमच आहे तो. आत हाड दुखावलेलं असलं तर भलतंच होऊन बसेल."

मी उशीवरच अडून राहिले. आडवी झाले, तिचे तळवे मानेखाली गेले मात्र, "चक्कर येतेय," म्हणून उठलेच. तिने नीट निरखून पाहिलं. म्हणाली, "पुढच्या मंगळवारी या. तोवर मानेला हिसका देऊ नका."

घरी आले तर दादा आतून दार बडवत होते. हल्ली ते भरकटतात, म्हणून बाहेरून कडी घालूनच जावं लागतं. मी घरात असले की कुलूप आतून, किल्ली माझ्या कमरेला. कुणी कुणाला कोंडलंय, देव जाणे.

वन्सं, फोनवर बोलावं तर ते शेजारीच बसलेले असतात, म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यात त्यांनी मला ओळखलं नाही. चोर समजून मानगूट धरली आणि कपाटावर आदळलं. मग स्वतःच जवळ बसून विचारतात, "कुणी मारलं गं तुला?"

आमच्या दादाने कधी मुंगी दुखावली नाही, असं तुम्ही म्हणता. खरंच आहे ते. हा विसरण्याच्या आजाराचा हात, त्यांचा नव्हे.

पण खरं सांगितलं तर बाई मुलाच्या कानावर घालतील, आणि तो त्यांना लगेच संस्थेत नेऊन ठेवेल, टपलेलाच आहे. न सांगावं तर बाई मान मोकळी करायला घेतील. इकडे आड, तिकडे विहीर.

चार दिवस येता का? तुमचा आवाज ते अजून ओळखतात. आत्या घरात आहे म्हटल्यावर मुलगाही जरा थांबेल, आणि मी बाईंना खरं सांगून फोटो काढून घेईन.

पत्र मिळताच दोन ओळी टाका. जमणार नसेल तरी लिहा, राग धरणार नाही. पण मग मंगळवारी मी पुन्हा खोटंच बोलेन.

तुमची
वहिनी