तिसरा बांध

६ जानेवारी, सोमवार

केंदूरला पोचले. दौंडहून शिरूर, शिरूरहून इथं. दुसऱ्या गाडीत कोथिंबिरीच्या जुड्यांवर पाय ठेवून बसावं लागलं, चपलांना अजून तोच वास येतोय. वीस वर्षं शाळेत शिकवून त्रेचाळिसाव्या वर्षी समुपदेशक म्हणून पहिली नोकरी. आज उगाचच गुणगुणावंसं वाटतंय.

हौसरावांच्या घरातली वरची खोली मिळाली. ज्यांच्यासाठी काम करायचं त्यांच्याच घरी राहणं नियमात बसत नाही, पण गावात दुसरी खोली नव्हती. फौजेतून परतलेल्या चार जणांचा गट इथं दोन वर्षांपासून चालतो. ज्याला झोप येत नाही, फटाका वाजला की जो खाली बसतो, त्याच्याशी दुसऱ्या फौजीनंच बोलायचं. मला पाठवणारी संस्था त्यांना नंतर सापडली. मी त्यांच्यात बसायचं, आणि औषधाची गरज असेल त्याला शिरूरच्या डॉक्टरांकडे न्यायचं.

हौसरावांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी, माझी पिशवी मला उचलूच दिली नाही. हौसरावांना सगळं गाव मेजर म्हणतं. फौजेतून आलेला प्रत्येक जण गावात मेजरच असतो, ते म्हणाले, आणि तोंडावर हात धरून हसले. ज्यांना बरं करायला आले ते इतके हसरे असतील असं वाटलं नव्हतं. खिडकीतून मागचं कांद्याचं रान दिसतं, पार ओढ्यापर्यंत हिरवंगार. मध्ये तीन बांध, पहिला घराजवळचा, तिसरा ओढ्याकडचा.

९ जानेवारी, गुरुवार

आज गटाशी ओळख झाली. अयुबभाई शिरूरचे, घड्याळं दुरुस्त करतात. रोहिदास इथलेच, कारखान्याच्या गेटवर रखवालदार, जिभेनं तिखट. विक्रम दौंडच्या आगारात एसटी चालवतो, सुट्टी मिळाली की दीड तास मोटारसायकल हाणत येतो.

एक गोष्ट लिहून ठेवते. मागच्या पडवीत रानाकडे तोंड करून एक प्लास्टिकची खुर्ची आहे. रोज बारा ते दोन गटातलं कुणीतरी त्या खुर्चीत बसतं आणि रानाकडे बघतं. एक वाजता माणूस बदलतो. उठणारा सांगतो, तिसरा बांध, हालचाल नाही. बसणारा म्हणतो, घेतला. एवढंच. फौजेत पहारा बदलतात तसं. तेवढा वेळ हौसराव आत गाढ झोपतात.

मीही खुर्चीत बसून पाहिलं. बांध, बाभूळ, बगळे. अयुबभाई म्हणाले, रिपोर्ट घेतल्याशिवाय दिसत नाही, आणि तुम्ही घेऊही नका.

१३ जानेवारी, सोमवार

हौसराव आज स्वतःहून बोलले. तेवीस वर्षांपूर्वी, बर्फातली चौकी, भर दुपार. त्यांचा जोडीदार दत्ता, भांडगावचा, सुटलेली दोरी आणायला खाली उतरला. त्याच्यावर नजर ठेवायचं काम हौसरावांचं. उन्हानं त्यांचा डोळा लागला. उघडला तेव्हा समोर नुसता बर्फ. दत्ता सापडलाच नाही.

घरी आल्यावर महिन्याभरानं तो ओढ्याकाठी दिसला. पांढरा कोट. रोज बारा ते दोन. बघत राहिलं तर हलत नाही, नजर काढली की पुढं येतो. सुरुवातीच्या वर्षांत कधी चुकून नजर निघाली, तसा तो ओढ्यावरून तिसऱ्या बांधावर आला. अशी एकवीस वर्षं हौसराव एकटे त्या पडवीत बसले. तीन वर्षांपूर्वी दारात वैष्णवीचं, त्यांच्या एकुलत्या मुलीचं, लग्न लागलं. मुहूर्त साडेबाराचा होता. त्यांनी मंगलाष्टकं पडवीत बसून स्पीकरवर ऐकली. आता तिला मुलगा झालाय. घरात हे असं, म्हणून बाळंतपणही सासरी दौंडलाच केलं. बारसं नऊ फेब्रुवारीला, बारा वाजता. तिघांना पहाऱ्यावर ठेवून स्वतः बारशाला जाणं त्यांना पटत नाही.

"एकदा नातवाला मांडीवर घ्यायचाय, ताई," म्हणाले. "भर दुपारचं, उन्हात. चोरून न्हाई."

मी खोलीत येऊन रडले. समुपदेशकानं रडू नये, पण इथं कोण बघतंय.

२० जानेवारी, सोमवार

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंशी फोनवर बोलले. त्या म्हणाल्या तेच मीही शिकलेय. भीती टाळण्यासाठी माणूस जे करत राहतो तेच भीतीला जिवंत ठेवतं. खुर्ची हाच आजार आहे. ती हळूहळू रिकामी करायची. आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग पूर्ण.

गटापुढं मांडलं. तिघांनी किती प्रेमानं हे ओझं उचललंय ते मला दिसतं, पण एका माणसाची झोप तिघांच्या दुपारींवर किती दिवस चालणार? बारशाला सगळेच जाऊ, खुर्ची रिकामी ठेवून, असं मी म्हटलं. रोहिदासनी विचारलं, "मॅडम, तुमच्या पुस्तकात बांधावर उभं राहणाऱ्याचा धडा हाय का?" विक्रम हसला. अयुबभाई हसले नाहीत.

शेवटी हौसरावच म्हणाले, ताई म्हणत्यात तर सोडून बघू. माझ्याकडे इतक्या विश्वासानं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

२७ जानेवारी, सोमवार

पहिली दहा मिनिटं. सगळे पुढच्या खोलीत चहा घेऊन बसलो. हौसराव घड्याळाकडे बघत होते. बारा दहाला अयुबभाई मागं गेले आणि खुर्चीत बसले. मी विचारलं तेव्हा रानावरची नजर न काढता म्हणाले, दुसरा बांध.

भीतीनं तसं वाटणारच, हे मी सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. आवाज शांत ठेवला होता. जमलं.

२९ जानेवारी, बुधवार

तिसऱ्या आणि दुसऱ्या बांधामधला कांदा करपलाय. मुक्ताबाईंनी दाखवला. कृषी सहायक पात चुरगाळून म्हणाले, करपा रोग, फवारा मारा. यंदा सगळीकडंच आहे.

असेल. पण रोग असा सरळ रेषेत येतो का? माणसाच्या खांद्याएवढी रुंद पट्टी. दोन्ही बाजूंची रोपं टवटवीत. मी हात लावला तर पात थंडगार होती. दुपारी, उन्हात.

पहाटेचं दव असेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्धा तास रिकामा. नंतर रोहिदास बसले. पहिला बांध, म्हणाले. मला टोमणा मारला नाही, तेच जास्त लागलं.

पट्टी पहिल्या बांधापर्यंत आली आहे. अयुबभाई वेगळं बोलायला आले. म्हणाले, ताई, तुमचं शिक्षण खोटं नाही, माझी औषधं त्याच शिक्षणानं लागू पडली. पण हे त्यातलं नाही. थांबा.

मी थांबायला हवं होतं का? सहा दिवस उरलेत. हौसरावांनी बारशाला नवीन टोपी आणलीय. आरशासमोर तीनदा घालून पाहिली. त्यांना आता नाही कसं म्हणू? आणि थांबले तर मीही मान्य केलं असं होईल, की तिथं कुणी

नाही. जायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

सहा वाजताहेत, घरी आलोय. आधी चांगलं लिहिते.

बारा वाजता दौंडच्या अंगणात, उन्हात, हौसरावांनी नातवाला मांडीवर घेतलं. घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही. बाळानं नवी टोपी ओढली. वैष्णवी माझ्या गळ्यात पडली, म्हणाली, माझ्या लग्नात पाठवणीला बाबा आले होते, पण लग्नाला नव्हते. आज आले. विक्रमनं पेढे वाटले. रोहिदासनी माझ्या हातावर दोन ठेवले आणि म्हणाले, "जिंकला मॅडम तुम्ही." मला तेव्हा खरंच वाटलं, जिंकले.

आता हे. करपलेली पट्टी पहिल्या बांधावरून थेट पडवीच्या पायरीपर्यंत आली आहे. खुर्ची जागेवरच आहे. फक्त फिरवलेली आहे. रानाकडे पाठ, घराकडे तोंड.

दाराला बाहेरून कुलूप होतं. तसंच होतं.

हौसरावांनी खुर्चीकडे बघितलं. आत गेले आणि खाटेवर झोपले. नवी टोपी डोक्यावरच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ते उठत नाहीत. अंग बर्फासारखं. काल दुपारी दोननंतर बोटं काळी पडायला लागली. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, कोल्ड स्टोअरेजमध्ये कामाला होते का? असं बोट त्यांनी फक्त पुस्तकात पाहिलंय. पुण्याला हलवा म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं की छाती थांबते, घरी आणलं की पुन्हा चालते. दोनदा झालं. तिसऱ्यांदा मुक्ताबाईंनी हात जोडले.

मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, स्नेहल, तू स्वतःला दोष देऊ नकोस. मी फोन ठेवला.

अयुबभाई बारा वाजता खाटेच्या पायथ्याशी बसले. एक वाजता रोहिदास आले. मी दारातून रिपोर्ट ऐकला. उंबऱ्याच्या आत. हालचाल नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विक्रमला बदली मिळत नाही, दुपारच्याच फेऱ्या लागल्यात. दोघंच राहिले. आज रोहिदासना खाटेपाशी बसल्या बसल्या भोवळ आली. अयुबभाईंनी धावत जागा घेतली. तेवढ्या वेळात

तीन पावलं, ते म्हणाले. खाटेपासून तीन.

रोहिदास शिरूरला, दवाखान्यात. बोटं काळी.

मुक्ताबाई म्हणतात मला बसू द्या. हौसरावांनी त्यांना पूर्वीच शपथ घातलीय, तुला हे द्यायचं नाही म्हणून. अयुबभाई ती मोडत नाहीत.

मी म्हटलं, मला द्या. अयुबभाई नको म्हणाले. मग त्यांची नजर समोरच होती, पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, थांबत नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं. तीन पावलं. हालचाल नाही.

मी म्हटलं, घेतला.

दिसतो.

१४ फेब्रुवारी

काल एक तास. आज एक तास. पांढरा कोट. त्याचा चेहरा लिहिता येत नाही, बर्फ आहे तिथं. रागावलेला नाही. तेच सहन होत नाही. नुसता उभा. कुणीतरी बोलवेल म्हणून उभं राहतात तसा.

मी यांच्या घराचं दार उघडून दिलं. शहाणपणानं. मायेनं.

अयुबभाईंना धूसर दिसायला लागलंय. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना विश्रांती, नाहीतर कायमची—

१५ फेब्रुवारी

बारा वाजता बसले. एकटी. वही मांडीवर, न बघता लिहितेय. ओळी एकमेकींवर चढत असतील. लिहिलं की जाग राहते.

साडेबारा. हालचाल नाही. एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघते, मग उलट.

एक. बदली नाही. विक्रमचा फोन, वाटेत आहे. म्हणाला, ताई, डोळा—

दीड. हलला का? नाही. माझी मान हलली असेल. मघाशी पापणी— एक पाऊल. फक्त एक. दोन उरली.

पावणेदोन. हौसराव जागे झाले. माझ्याकडे बघत नाहीत. त्याच्याकडे बघतात. सहा दिवसांनी पहिला शब्द.

"किती वर्सं उभा ठिवायचा त्येला, ताई. दमला आसंल. बसू द्या माझ्याजवळ. तुम्ही मिटा डोळं."

नाही म्हटलं.

परत म्हणाले. हळू. माझ्या वडलांसारखं. मिटा.

दोनला दहा मिनिटं. दहाच. दोननंतर तो जातो. मुक्ताबाई चुलीपाशी. त्यांना सांगू? रिपोर्ट देता येत नाही, शपथ आहे. डोळ्यांत मिरची टाकल्यासारखं— पाणी— तो धूसर— नाही, मी—

मिटले.

क्षणभरच. आपोआप. आता उघडायचे. उघडते.

खाट करकरली. कुणीतरी बसलं.

गार वारा. हौसराव हसताहेत का? मुक्ताबाई स्वयंपाकघरातून विचारतात, वाजले का दोन, गेला का तो? मी अजून डोळे उघ