उजव्या पायाचा नवस

कोरगाव, पेडणे
१० जानेवारी

प्रिय सुविधा,

परवाच्या बुधवारी सकाळी मी एक काम केलं, ते अजून तुझ्या आईलाही नीट सांगितलेलं नाही. पहिल्या फेरीला अर्धा तास होता. केरीच्या स्टँडवर गाडी उभी होती, आत एकही माणूस नव्हतं. देवीच्या फोटोला अबोलीची वेणी घातली, उदबत्ती लावली आणि इंजिन सुरू न करताच सीटवर बसलो. मग शिवदासला जवळ बोलावलं. म्हटलं, मी डोळे मिटतो, ब्रेकवर पाय ठेवतो आणि तुला सांगतो, तू फक्त खाली बघ आणि बरोबर की चूक ते बोल. बारा वर्षं तो माझ्या गाडीवर कंडक्टर आहे, पण असलं काम मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. "मस्करी करता मरे तू?" म्हणून तो हसला. मी डोळे मिटले आणि पाय ठेवला. म्हटलं, ब्रेक. तो अजून हसतच होता, म्हणाला, "ॲक्सिलेटर." दुसऱ्यांदा म्हटलं, ब्रेक. या वेळी बरोबर निघालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं ब्रेक, आणि शिवदास म्हणाला, "तूच बघ." डोळे उघडून खाली पाहिलं तर माझा पाय कशावरच नव्हता. दोन्हींच्या मधे, पत्र्यावर टेकला होता.

वीस तारखेला तुझी ओटी भरून तुला बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं, तेव्हा तू फोनवर काय म्हणालीस ते मला पाठ आहे. "बाबा, तूच गाडी घेऊन ये. तुझा जावई रुद्रेश ब्रेक मारतो की दगड, कळत नाही. वाटेत मला ओकारी येते. तुझ्या गाडीत कशी झोप लागते." किती बरं वाटलं म्हणून सांगू! बसचे मालक गौरेश यांच्याकडे त्याच संध्याकाळी त्यांची घरची कार मागून ठेवली. तू चार वर्षांची होतीस तेव्हा मी डिचोलीला खाणीच्या ट्रकवर होतो. सुट्टीच्या दिवशी तुला केबिनमध्ये बसवून वाळपईपर्यंत न्यायचो. वाटेत साखळी गाव येईपर्यंत तू गाढ झोपलेली असायचीस. पोरीची मान हलू नये म्हणून मी गियर कसा बदलायचो, ते माझं मला ठाऊक. खाणी बंद पडल्या, ट्रक गेला, मी आपल्या गावच्या बसवर आलो. पण गाडी चालवण्याचं शिक्षण मला तुझ्या त्या झोपेने दिलं, असं मी आजही समजतो.

माझ्या पायांबद्दल तू दर फोनला विचारतेस आणि मी दर वेळी "बरे आहेत" म्हणतो. आज खरं ते लिहितो. साखर वाढल्याचं कळलं त्याला सहा वर्षं झाली. पायांची आग सुरू झाली ती तीन वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नाच्या आधी. तळव्यांना मिरची चोळल्यासारखं व्हायचं. मधूनच बोटांतून सुई गेल्यासारखी कळ यायची. चादरीचा नुसता स्पर्श सोसायचा नाही, म्हणून तुझ्या आईने एक युक्ती काढली. खाटेच्या पायथ्याशी भाजीची मोठी टोपली पालथी घालून ती तिच्यावर चादर पसरते. माझे पाय आत राहतात, उबवायला ठेवलेल्या अंड्यांसारखे. "पिल्लां कधी येतली?" असं ती मला विचारते. मोजे उलटे करून घालतो, म्हणजे शिवण टोचत नाही. अंघोळीच्या पाण्यात आधी ती हात घालून बघते आणि मगच मला न्हाणीत सोडते. पाववाल्या पोदेराची सायकल वाजली की पूर्वी चार उंडे घ्यायचो, आता कोंड्याची पोई घेतो, तीही एकच. या सगळ्याची सवय झाली. फक्त डॉक्टरांनी दिलेली दुपारची गोळी मी कधी घेतली नाही. ती घेतली की डोळ्यांवर झापड येते, आणि तशा डोळ्यांनी माणसं भरलेली गाडी कशी चालवायची? म्हणून दिवसाची आग तशीच सोसत राहिलो. कोरगावपर्यंत एक नामस्मरण, पेडण्यापर्यंत दुसरं.

तू विचारशील, मग देवीला काही बोलला नाहीस का. बोललो होतो. गेल्या चतुर्थीनंतर मी नवस केला. आपल्याकडे त्याला आंगवण म्हणतात ना, तीच. निदान उजव्या पायाची आग जाऊ दे, म्हटलं, गाडी त्याच पायावर चालते, डाव्याचं मी बघून घेईन. आणि सुविधा, दिवाळी झाली आणि उजवा पाय शांत झाला. खरंच शांत झाला. आधी करंगळी, मग टाच. डाव्याची आग तशीच, आणि उजवा अगदी गार. मी एवढा हरखलो की पाच नारळ, केळी आणि खिरीचं पातेलं घेऊन देवळात गेलो. वाड्यावरच्या सगळ्यांना प्रसाद वाटला. तुलाही फोन केला होता, आठवतं? तू रडलीस. मीही रडलो, पण फोन ठेवल्यावर.

त्यानंतर महिन्याभराने घडलेली गोष्ट. तुला माहीतच आहे, मी गाडी कधी चपला घालून चालवली नाही. समोर देवीचा फोटो, ज्या गाडीवर पोट चालतं तिच्यात चपलेने पाय कसा ठेवायचा? ट्रक धरून बावीस वर्षं चपला सीटच्या खाली. पेडल अनवाणी पायाला चांगलं समजतं, हेही खरं. आता गाडी जुनी झाली, इंजिनाच्या बाजूचा पत्रा तापतो. पूर्वी टाचेला चटका बसायचा आणि मी पाय सरकवायचो. एका संध्याकाळी घरी येऊन आरामखुर्चीत बसलो तर तुझी आई लादीकडे बघत उभी. काय झालं म्हणून मी विचारलं. तर म्हणते, "तुमका कायच नाय? मगे ह्या रगात कोणाचा?" दारापासून खुर्चीपर्यंत टाचेचे लाल ठसे. तिने आरसा आणून तळवा दाखवला. टाचेवर रुपयाएवढा फोड येऊन फुटला होता, कातडी लोंबत होती. मी कधी भाजलो, मला पत्ताच नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला गेलो. डॉक्टर तरुण बाई आहेत, तुझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि धाग्याएवढी बारीक तार पायाला लावून विचारू लागल्या, काका, आता कळतं? आता? मी अंदाजाने हो-हो म्हणत गेलो. त्या म्हणाल्या, "काका, मी तार लावलीच नव्हती." मग त्यांनी समजावलं. दुखणं थांबलं म्हणजे पाय बरा झाला असं नव्हे. शिरा इतक्या खराब झाल्या की त्यांना आता कळवताही येत नाही. मी खिरीचं पातेलं घेऊन देवळात गेलो होतो, ते यासाठी. त्यांनी विचारलं, काम काय करता? आणि मी, आयुष्यात देवासमोर खोटं न बोललेला माणूस, म्हटलं, शेती करतो.

देवीने फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. उत्तर तिने दिलं नव्हतं, ते माझं मीच ठरवून घेतलं. वाटलेला प्रसादही फुकट गेला नाही, पोरांनी खीर पोटभर खाल्ली. पण डॉक्टरांशी खोटं बोललो ते माझं, त्यात देवीचा काही संबंध नाही. टाच भरून आली, तसा मी पुन्हा गाडीवर गेलो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून आता बूट घालत होतो, पण बुटात तर काहीच कळेना. नजरेने काम भागेल असं मनाला समजावत होतो.

तशात हा मंगळवार आला. कोरगावची उतरण उतरत होतो. पुढच्या वळणावर मासळीवाली यशोदा टोपली खाली ठेवून हात दाखवत होती. रोजची जागा, रोजचा हात. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. दाबतोय असं मला वाटत होतं. खाली नजर टाकली, पाय उचलून पुन्हा मारला, तेव्हा गाडी थांबली. टोपली आणि चाक यांच्यात वीतभर जागा राहिली होती. यशोदा बाजूला उडी मारून वाचली आणि लगेच तोंड सोडलं, "रे गोकुळदासा, माज्या बांगड्यांर गाडी घालतलंस मरे! बाजारात मगे काय तुजा तोंड इकू? तेका कोण घेतलो?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. ती वर चढली, मागे जाऊन बसली, गाडीतल्या बायकांना बांगडे दाखवू लागली. मी आरशातून मागची माणसं मोजली. गाडीत चौतीस माणसं होती. सहा शाळेची मुलं.

म्हणून बुधवारी शिवदासला खाली बघायला सांगितलं. त्यानंतर मी पहिली फेरी केलीच नाही. शिवदासला प्रवाशांना गाडी बिघडल्याचं सांगायला लावलं, गौरेशना मात्र मला ताप आल्याचं कळवलं. त्यांनी बदली माणूस पाठवला. दोन दिवस घरी बसलो आणि मनात एकच चाललं होतं. बस सोडायची हे ठरलंच, पण वीस तारखेनंतर. कोरगाव ते तुझं डिचोलीचं सासर एवढाच रस्ता. सावकाश जाईन. पोरीला एकदा घरी आणीन आणि मग स्टेअरिंगला हात लावणार नाही. गौरेशही म्हणाले, "काकानू, ताप गेल्यार येयात, कार तयार आसा." चौतीस परक्या माणसांसाठी मी गाडी थांबवली, आणि तुला व तुझ्या पोटातल्या जिवाला घेऊन एक फेरी मारायला निघालो होतो! काल दुपारी देवासमोर बसलो असताना हे माझ्या ध्यानात आलं. तेव्हा मला स्वतःची भीती वाटली.

हे पत्र लिहितो ते एवढ्यासाठी की फोनवर तू म्हणाली असतीस, "बाबा, एवढी एकच वेळ," आणि मी आलो असतो. तुला नाही म्हणायला मी कधी शिकलो नाही. आता म्हणायची गरज उरलेली नाही. वीस तारखेला मी आणि तुझी आई बसने येऊ, प्रवासी म्हणून. रुद्रेशरावांना मी फोन केला आहे. येताना गाडी ते चालवतील, सावकाश चालवा म्हणून सांगितलं आहे. मी मागे तुझ्याजवळ बसेन. ओकारी आली तर येऊ दे, लिंबू आणि पिशवी घेऊन येतो. पुढच्या आठवड्यात म्हापशाला जाऊन डॉक्टरांना माझं खरं काम सांगणार आहे आणि दुपारची गोळीही आता घेणार आहे. काल संध्याकाळी गौरेशांच्या घरी गेलो. त्यांना वाटलं, कार न्यायला आलो. मी खिशातून बसची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी विचारलं, "काकानू, किती दिवसांची रजा?" मी म्हटलं, रजा नको, दुसरा ड्रायव्हर बघा.

तुझाच,
बाबा